अब्बांची कात्रणवही आणि खालांचा समुद्र

आमच्या अब्बांना कात्रणांचा नाद. नाशिकला आमच्याकडे सकाळी दोन वर्तमानपत्रे येतात आणि दुपारपर्यंत त्यांना खिडक्या पडलेल्या असतात. निवडणूक, क्रिकेट, सोन्याचा भाव यांना अब्बांची कात्री लागत नाही. ती लागते विचित्र बातमीला, आणि बातमी समुद्राची असेल तर आधी. गोदाकाठच्या माणसाला समुद्राचे एवढे काय, असे कोणी विचारले की अम्मी हसते. तिची सख्खी बहीण, आमच्या खाला, श्रीवर्धनला दिलेल्या होत्या.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही श्रीवर्धनला गेलो तेव्हा वही बरोबर होती. कसारा घाट उतरल्यापासून माणगाव-म्हसळ्यापर्यंत मागच्या सीटवर मुलांचे मोठ्याने वाचन चालू होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू अडकले, माणसांनी रात्रंदिवस खपून ते पाण्यात ढकलले, तरी ते जगले नाही. हे वाचून धाकटी बराच वेळ गप्प होती. मग ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आल्या. अशी आठ-दहा कात्रणे, प्रत्येकात कोटींचे आकडे. अब्बांनी समजावले, की ही उलटी म्हणजे अत्तरवाले ज्याचे नाव घेतात तो अंबर. स्पर्म व्हेल माखळी खातो, माखळीच्या चोची त्याला पचत नाहीत, आणि आतड्यात त्यांच्याभोवती हा मेणासारखा गोळा धरतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. शेवटचे वाक्य मुलांनी बहुधा ऐकलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे धावत आले, हातात पिवळट, भोकाभोकांचा गोळा. आमचे मावसभाऊ, ज्यांना सगळे भाईजान म्हणतात, त्यांनी तो नखाने खरवडला. “जाळ्याचा थर्माकोल आहे, बाळांनो. उन्हाने पिवळा झालाय.” कोट्यवधी रुपये तिथेच बुडाले.

फजरनंतर किनाऱ्यावर गेले तर माणसे कमी आणि खेकडे फार. करंगळीच्या नखाएवढे हे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातले खाण्याजोगे तेवढे काढून घेतात आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकतात. तासाभरात बिळाभोवती गोळ्यांची नक्षी उमटते. भरती आली की सगळी पुसली जाते, आणि पाणी उतरले की पुन्हा पहिल्यापासून.

भरतीचे गणित आम्ही खालांकडून शिकलो. त्यांना घड्याळ लागत नसे, चांदाची तारीख पुरे. चांद पहिला किंवा पंधरावा, म्हणजे उधाण. भरती दुपारी बाराच्या आगेमागे. पुढे रोज पाऊण तासाहून थोडी जास्त उशिरा. सातवा-आठवा आणि एकविसावा-बाविसावा चांद म्हणजे भांग, पाण्याची चढउतार कमी. दिवाळी अमावास्येची, तेव्हा आम्ही पोचलो ते उधाणातच. भरदुपारी लाट सुरूच्या झाडांच्या मुळाशी आली, आणि भाईजानच्या तोंडून आपसूक निघाले, “अम्मीचा हिशेब.”

वहीत एक पान मुले उलटून पुढे जात होती, आम्हीही जाऊ देत होतो. १८ ऑगस्ट २०२२. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर बेवारस बोट, आत तीन एके-४७. हरिहरेश्वर म्हणजे खालांच्या घरापासून हाकेवर. रायगडात नाकाबंदी, फोनवर फोन, व्हॉट्सअ‍ॅपवर तर काय काय. १९९३ साली याच तालुक्यात शेखाडीला स्फोटके उतरली होती. त्या वर्षापासून या किनाऱ्यावर काही खुट्ट झाले की इथल्या मुसलमान घरांत आधी दार लावून घेतात. आम्ही शनिवारी श्रीवर्धनला निघणार होतो. जून २०२०च्या निसर्ग वादळात खालांची सुपारीची बाग आडवी झाली होती, नवी रोपे लावली होती, ती दाखवायला त्या बोलावत होत्या. बांधलेल्या बॅगा आम्ही सोडल्या.

बोटीची हकीकत त्याच दिवशी विधिमंडळात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी सांगितली. ‘लेडी हान’ नावाची नौका, मालकीण ऑस्ट्रेलियन, मस्कतहून युरोपकडे निघालेली. २६ जूनला इंजिन बिघडले, कोरियाच्या युद्धनौकेने माणसे वाचवली, खवळलेल्या समुद्रामुळे नौका ओढून नेता आली नाही. ती पावणेदोन महिने वाहत वाहत हरिहरेश्वरला लागली. कटाचा कुठे मागमूस नाही.

या खेपेला आम्ही ते पान नीट पाहिले. मोठ्या बातमीखाली हा खुलासाही चिकटवलेला होता. म्हणजे अब्बांना शुक्रवारीच सारे कळले होते.

“मग शनिवारी का नाही निघालो?” आम्ही विचारले.

“बातमी मला कळली होती,” अब्बा म्हणाले. “रस्त्यावरच्या प्रत्येक नाक्यावर कुणाकुणाला वाचून दाखवणार होतो?”

मग दिवाळीत जाऊ, नाताळात जाऊ, असे करता करता २०२३च्या रमजानच्या आधीच खाला गेल्या. आम्ही नाशिकहून पोचलो तेव्हा दफन होऊन गेले होते.

परतीच्या आदल्या दिवशी दिघीहून जंगलजेटीने खाडी ओलांडली, जंजिरा पाहिला आणि मुरूडच्या किनाऱ्यावर थांबलो. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही त्या किल्ल्यात गोड्या पाण्याची तळी आहेत, याचेच मुलांना अधिक नवल. पाणी शांत होते आणि मुलांना पोहायचे होते. अब्बांनी वही उघडून १ फेब्रुवारी २०१६चे पान त्यांच्या हातात दिले. पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाची सहल याच वाळूवर आली होती. चौदा मुले-मुली बुडाली. त्या दिवशी उधाण नव्हते, चांद एकविसावा-बाविसावा होता, म्हणजे भांग. खालांच्या हिशेबाने पाणी मवाळ असायचे दिवस. थोरल्याने पान दोनदा वाचले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याच्या कडेला उभा राहिला. त्याच्या पुढे कोणी गेले नाही. त्या बोटीला आम्ही केवढे घाबरलो होतो, आणि याच किनाऱ्यावर मागे दोनदा मुलांना बिनघोर सोडून चहाला गेलो होतो.

संध्याकाळी श्रीवर्धनला परत येऊन कब्रस्तानात जाऊन दुआ केली. नंतर भाईजानने बागेत नेले. खालांनी लावलेली सुपारी आता माणसाच्या डोक्यावरून गेली आहे, दोन झाडांना पहिला घड धरला होता. अम्मी खाली पडलेली एक हिरवी सुपारी उचलून ओढणीच्या टोकात बांधत होती. अब्बांनी भाईजानला विचारले, “आज चांद कितवा?”

“सहावा,” तो म्हणाला. “उद्यापासून भांग.”