ताडाखालची परीक्षा

माझा पुतण्या पुण्यास अभियंता आहे. मनुष्य सुशील, कामात चोख. परंतु अलीकडे त्यास एक नवे वेड जडले आहे. २००९ साली पुण्यात लहान प्रमाणावर ताजी बिअर करणारी मद्यशाळा निघाली आणि तेव्हापासून तेथील तरुण मंडळींत बिअरची रसपरीक्षा हा जणू एक स्वतंत्र शास्त्रविषय होऊन बसला आहे. ऋतुपरत्वे निघणाऱ्या कडक व कडवट लागर बिअरांत श्रेष्ठ कोणती, यावर त्यांचे जे वाद चालतात ते ऐकून नैयायिकांनीही माना खाली घालाव्यात! गेल्या दिवाळीत त्याने ओटीवर हाच विषय काढला तेव्हा आमच्या वहिनी उठून आत गेल्या. मी मात्र म्हणालो, "बाबा रे, ऋतूबरोबर बदलणारे पेय आणि त्यावरचा वाद तुला ऐकायचा असेल, तर माघात माझ्याबरोबर तलासरीस चल."

या आमंत्रणामागे माझाही एक जुना हिशेब होता. तो पुढे येईल.

डहाणू रोड स्थानकावर उतरले की प्रथम चिकूच्या वाड्यांचा प्रदेश लागतो. २०१३ पासून मुंबईची लोकल तेथवर येते, त्यामुळे समुद्राकडे हवापालटास जाणाऱ्यांची गर्दी पुष्कळ. आम्ही त्या गर्दीकडे पाठ फिरवून ईशान्येस तलासरीची वाट धरली. इकडे चिकू विरळ होतो आणि शेतांच्या बांधांवर ताड व शिंदी दिसू लागतात. ताड सरळसोट, गंभीर. शिंदी मात्र वेडीवाकडी. तिच्या खोडावर दरवर्षी आलटून पालटून एकेका बाजूस छेद देतात, त्यामुळे खोडाला नागमोडी पायऱ्या पडतात. जाणता मनुष्य त्या मोजून झाडाने किती वर्षे रस दिला हे सांगतो. वारली चित्रांत ताडावर चढलेला माणूस आणि वर टांगलेली मडकी आपण सर्वांनी पाहिली आहेत. तो देखावा येथे भल्या पहाटे जिवंत पाहावयास मिळतो.

आमचा मुक्काम माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी होता. तो स्वतः आता शिक्षक असून त्याचेही केस पिकू लागले आहेत. उजाडण्यापूर्वीच त्याचा धाकटा भाऊ झाडावर चढला आणि मडके घेऊन उतरला. माझ्या वाट्यास नीरा आली. थंडगार, गोड, किंचित खारट अशी तिची चव. सूर्य वर येऊ लागला की त्याच रसात सूक्ष्म जंतूंचे कार्य सुरू होते; साखर घटते, फेस धरतो, आणि दुपारपर्यंत नीरेची ताडी होते. रात्र उलटली की ती आंबट होत शिर्क्याकडे झुकते. मडक्यास आतून चुना लावला तर हा पालट रोखता येतो. शार्ङ्गधराने ताड व खजूर यांच्या रसापासून झालेल्या मद्यास वारुणी म्हटले आहे. शिंदी ही खजुराचीच रानटी बहीण. आणि पुतण्याची बिअर? ती धान्याची, म्हणजे मनूच्या वर्गीकरणातील पैष्टी! हे सांगताच तो म्हणाला, "काका, हे आमच्या मंडळात सांगितलेच पाहिजे." मी कपाळास हात लावला.

नऊच्या सुमारास झाडाखाली चार वृद्ध जमले आणि ज्यासाठी आम्ही आलो होतो तो वाद आपोआप उभा राहिला. एकाचे म्हणणे, कडाक्याच्या थंडीतील शिंदीसारखा रस नाही; ऊन तापू लागले की ती संपली. दुसरा ताडाचा अभिमानी. त्याच्या मते शिंदी बायकामुलांची, पुरुषाला ताडच हवा, आणि तोही चैत्राकडे झुकलेला. (हे ऐकून घरातून एका म्हातारीने जे उत्तर दिले ते येथे छापण्याजोगे नाही.) तिसऱ्याने नर ताड आणि मादी ताड यांच्या रसातील फरक काढला. चौथा बराच वेळ गप्प होता. तो शेवटी एवढेच म्हणाला, की झाडाला विसावा देऊन पहिल्या दिवशी काढलेला रस ज्याने चाखला नाही, त्याने या वादात बोलू नये. पुतण्या वहीत टिपणे घेत होता. मीही ओठ ओले केले, हे वाचकांपासून लपवीत नाही. ती आंबटगोड होती आणि जिभेला चिमटा घेत होती.

मग पुतण्याने आपला पक्ष मांडला. बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर करण्यास बंदी झाली. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच काळ मोकळा राहिला. तेव्हा मार्चमध्ये केलेली बिअर उन्हाळाभर टिकावी म्हणून ती कडक करीत, तीत हॉप नावाच्या वेलीची फुले अधिक घालीत, आणि थंड तळघरांत ठेवीत. त्या फुलांचा कडवटपणा नासविणाऱ्या जंतूंना आवरतो. लागर या शब्दाचा मूळ अर्थच साठवण. हे सर्व मी त्यांस सोप्या मराठीत समजावले. तो गप्प बसणारा वृद्ध म्हणाला, "ठेवायची कशाला? उद्या झाड परत देईलच की."

पुतण्यास उत्तर सुचले नाही. मला मात्र वाटले, उद्या झाड देईल हा भरवसा या लोकांस नेहमीच होता असे नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली रस काढावयाच्या झाडांवर सरकारचा कर असे. जमिनी बहुतांशी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या आणि वारली वेठीस जुंपला होता. १९४५ च्या मे महिन्यात येथील झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. गोदावरी परुळेकरांनी ही हकीकत पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिली. गप्प बसणाऱ्या वृद्धाचे वडील त्या सभेस होते, असे तो सहज बोलता बोलता सांगून गेला.

आता माझा हिशेब. पस्तीस वर्षांपूर्वी मी याच भागातील एका शाळेत नोकरीस होतो. एके सकाळी प्रार्थनेच्या वेळी एका मुलाच्या अंगास ताडीचा वास आला. मी त्यास सर्वांदेखत उभे करून छड्या दिल्या व घरी पाठविले. तो तीन आठवडे शाळेत आला नाही. मुलगा तोच, ज्याच्या अंगणात मी बसलो होतो. या तीस-पस्तीस वर्षांत तो दर गुरुपौर्णिमेस मला पत्र पाठवीत आला, पण त्या सकाळचा उल्लेख त्याने कधीही केला नाही. मी मात्र विसरलो नव्हतो. त्या दिवशी सर्वांसमक्ष मी तो विषय काढला आणि म्हणालो, "मी तेव्हा तुला विचारले देखील नाही."

तो हसला. "गुरुजी, बाबा झाडावरून उतरले की मडके मी घरी आणी. घरात भाकरी नसली तर पेलाभर नीरा पिऊन शाळेत यायचो. मडके ताडीचेच, रोजचे. नीरेलाही त्याचा वास लागतो, आणि वाटेत अंगावर सांडायची."

मी काय बोलणार? घसा दाटून आला. त्याने ते पाहिले असावे. उठून तो आत गेला आणि दोन पेले घेऊन आला. "गुरुजी, आता नाकाने सांगा, नीरा कोणती?"

चारही वृद्ध पुढे सरकले. मी दोन्ही पेल्यांचा वास घेतला, पुष्कळ विचार केला, आणि उजवीकडचा दाखविला. त्यावर जो हशा पिकला त्यात ती म्हातारीही बाहेर आली. डावीकडचा पेला त्याने माझ्या हाती दिला आणि तो मी उभ्या उभ्या रिकामा केला.