कचारगडची गुहा आणि करवतकाठीचे वस्त्र

परदेशी शिकणाऱ्या नातीने स्कॉटलंडमधील स्टॅफा बेटावरच्या फिंगलच्या गुहेची छायाचित्रे पाठविली. बेसाल्टच्या स्तंभांमधून समुद्र थेट आत शिरतो. सोबत टार्टन या चौकड्यांच्या लोकरी कापडाची माहितीही होती. १७४६ च्या कायद्याने तेथील डोंगराळ भागात त्याच्या वापरावर बंदी आली. ती १७८२ मध्ये उठली. शेवटी तिचा प्रश्न होता, "आजोबा, आपल्याकडे असे काही आहे का?"

सुट्टीत ती सानगडीस आली, तेव्हा उत्तर दाखविण्याचे ठरविले. गावचा किल्ला मागे टाकून साकोली, देवरी, आमगावमार्गे सालेकसा तालुक्यात पोहोचलो. १९९९ पर्यंत हा प्रदेश आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. दरेकसाजवळच्या अरण्यात कचारगडची प्रशस्त गुहा आहे. येथे समुद्र नाही. मात्र माघ पौर्णिमेस गोंड बांधवांचा जनसागर लोटतो. गुहेत कोंडलेल्या तेहतीस बालकांना पारी कुपार लिंगोंनी मुक्त केले, अशी त्यांची श्रद्धा आहे. नात बराच वेळ निःशब्द उभी होती.

दुसऱ्या दिवशी मोहाडी तालुक्यातील आंधळगावी गेलो. तेथे कोशाच्या रेशमाची करवतकाठी साडी विणली जाते. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेले काठ अंगाशी सांधण्यासाठी तीन धोटे चालवावे लागतात. या वस्त्रास भौगोलिक मानांकनही लाभले आहे. तरीही विणकराच्या घरातील दोन मागांपैकी एक बंद होता. "मुले नागपुरास गेली, साहेब," एवढेच ते म्हणाले.

नातीच्या विवाहासाठी साडी घ्यावी, असे सौ.च्या मनात होते. माझा हात मात्र अडखळला. ऐन आणि अर्जुन वृक्षांवर वाढलेल्या कोशातील जीव धागा अखंड राहावा म्हणून वाफेने मारला जातो. माझ्या आईने याच कारणाने आयुष्यभर रेशीम अंगास लावले नाही. दुसरीकडे, बँकेत असताना विणकरांच्या कर्जप्रकरणांवर मीच सह्या केल्या होत्या. गिऱ्हाइकाने पाठ फिरविली की हप्ता कसा थकतो, हे मी जवळून पाहिले आहे. अहिंसा पाळावी, तर या घरची चूल कोणी पेटवावी?

मी संकोचत विचारले. विणकर हसले. पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या, भोक पडलेल्या कोशांपासूनही सूत कातले जाते, त्यास घिचा म्हणतात, असे त्यांनी सांगितले. ते अखंड धाग्याइतके तलम नसते. थोडे जाडेभरडे, गाठीचे असते. आम्ही त्याच सुताची, करवती काठाची साडी सांगितली. मजुरीत घासाघीस केली नाही आणि निम्मी रक्कम आगाऊ दिली.

आपली अनेक कुटुंबे कापडाच्या व्यापारात आहेत. गादीवर बसून केवळ भाव न विचारता, "हा धागा कोणत्या कोशाचा?" असेही विचारावे. आपण मागणी केली, तर जीवही वाचेल आणि मागही. परतीच्या वाटेवर नात म्हणाली, "आजोबा, गाठी दिसल्या तरी चालतील." आईच्या माघारी प्रथमच आमच्या घरी रेशीम येणार आहे.