घेणाऱ्या हाताची नम्रता

प्राचीन ग्रीक विचारवंतांनी नम्रतेला सद्गुणांच्या पंक्तीत बसवले नव्हते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात गौरव आहे तो आपली मोठी योग्यता ओळखून तेवढ्याच मोठ्या मानाची अपेक्षा बाळगणाऱ्या पुरुषाचा. नव्या करारात नम्रतेसाठी जो ग्रीक शब्द योजला आहे, तो एरवी हलक्या, दबलेल्या, खालच्या पायरीवरच्या माणसासाठी वापरला जाई. लॅटिन शब्दाचे नाते तर थेट मातीशी आहे. आपला ‘नम्र’ हा शब्द मात्र वाकण्यातून आलेला आहे, आणि जो वाकतो त्याला मुळात उंची असते. फळांच्या भाराने लवलेल्या वृक्षाची उपमा आपल्याला शाळेपासून पाठ असते. त्या वृक्षाच्या मोठेपणाविषयी कोणाला शंका नसते. ख्रिस्ती नम्रतेचा विचार मराठीतून करू जाता हा शब्द आम्हांला नेहमी थोडा अडवतो. मोठ्याने सौजन्य म्हणून चार अंगुळे खाली येणे, असा त्याचा अर्थ मनात आधीच घर करून बसलेला असतो.

अहंकार जिंकण्याची साधना ही किती निसरडी वाट आहे, हे या परंपरेतील जाणत्यांनी फार पूर्वी ओळखले होते. कीर्तीची तुच्छता करणारा माणूस त्या तुच्छतेचीच कीर्ती मिरवू लागतो, असे निरीक्षण ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात नोंदवले आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्याच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या. बाराव्या शतकात क्लेअरवोचा बर्नार्ड याच विषयावर लिहावयास बसला, आणि त्याने सविस्तर वर्णन केले ते अहंकाराच्या बारा पायऱ्यांचे; आपल्याला जे अनुभवाने ठाऊक तेच आपण शिकवू शकतो, असा त्याचा खुलासा. त्याची नववी पायरी आम्हांला विशेष मार्मिक वाटते. ती आहे खोट्या पापकबुलीची: ऐकणाऱ्याने ‘छे, छे, आपण कसले पापी!’ असे म्हणावे म्हणून स्वतःला महापापी म्हणवून घेण्याची. प्रार्थनासभांतून ज्यांनी साक्षी ऐकल्या आहेत, त्यांना या पायरीची ओळख निराळी करून द्यावयास नको.

तेव्हा शब्दांनी केलेली नम्रता संशयास्पद ठरते. मग उरते कृती; आणि ख्रिस्ती मनापुढे त्या कृतीचे चित्र एकच येते, योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाचे. भोजनावरून उठून, अंगावरचे वस्त्र उतरवून, कमरेला रुमाल बांधून येशू शिष्यांचे पाय धुतो. या प्रसंगावरील बहुतेक प्रवचने धुणाऱ्याविषयी असतात. आमचे लक्ष मात्र पेत्रावर खिळते. तो पाय मागे घेतो; प्रभूने आपले पाय धुवावेत हे त्याला सहन होत नाही. वरवर पाहता याहून अधिक विनय तो कोणता? परंतु त्याला उत्तर मिळते ते कठोर आहे: हे पाय धुऊन घेतल्यावाचून त्याला प्रभूबरोबर वाटा मिळणार नाही. त्यावर पेत्र हात आणि डोकेही पुढे करतो, म्हणजे आता प्रमाण तरी आपणच ठरवू पाहतो. सेवा करणे एक वेळ जमते. दुसऱ्याने केलेली सेवा, त्याने केली तशी आणि तेवढीच, मुकाट्याने स्वीकारणे जमत नाही. आम्हांला वाटते, अहंकाराचा शेवटचा बुरूज तो हाच.

वसईच्या गावांत पवित्र गुरुवारी हा विधी आम्ही लहानपणापासून पाहत आलो. धर्मगुरू गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतो. त्या बारा जणांचे पाय घरूनच घासून-पुसून आणलेले असत, हे साऱ्या मंडळीला ठाऊक असे. धुणारा मिळण्यात कधीच अडचण नव्हती. बसणारे मिळवताना मात्र आर्जवे करावी लागत. या विधीसाठी स्त्रियांचीही निवड करता यावी, असा बदल रोमने २०१६ मध्ये केला. त्याआधी, २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जे बारा पाय धुतले, त्यांत मुलीही होत्या आणि मुसलमानही. ते छायाचित्र पाहताना आमच्या मनात आले, की धुणाऱ्याचे धैर्य जगाला दिसले. पाय पुढे करणाऱ्या त्या मुलांचे कोणी मोजले नाही.

आमच्या आत्याने चाळीस वर्षे गावातील आजाऱ्यांची शुश्रूषा केली. कोणाचेही मलमूत्र काढताना तिच्या कपाळावर आठी उमटली नाही, आणि तिच्या नम्रतेचे दाखले चर्चमध्ये दिले जात. आमचे घराणे ख्रिस्ती होऊन चार शतके उलटली होती. तरीही मागच्या पडवीत, मजुरांसाठी, माठाजवळ एक वेगळा पेला उपडा असे. त्या पेल्याविषयी घरात कोणी काही बोलत नसे. आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या सेवेला पाड्यावरची एक वारली मुलगी ठेवली. पहिले आठ दिवस आत्याने तिच्या हातून काही करून घेतले नाही. जी बाई साऱ्या गावाला स्पर्श करत आली, तिला त्या मुलीचा स्पर्श नको होता. नवव्या दिवशी पाय धुताना ती रडली. नंतर म्हणाली, “बाय, तू पाणी दे.” मुलीने हाताशी असलेल्या पेल्यातून पाणी दिले. तो मागचा पेला होता. आत्याने तो ओळखला, आणि ती प्यायली.

बाप्तिस्म्याच्या पाण्याने जातीचा अभिमान आपोआप धुतला जात नाही, याला आमचे घर अपवाद नव्हते. गोव्यात चर्चशी निगडित असलेल्या बंधुसंघांतूनही जातीच्या भिंती दीर्घकाळ उभ्या होत्या. म्हणूनच लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) शिकवताना आम्ही एका क्रमाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या सोवळ्यात या बाई वाढल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीजवळ आल्या, पण चूल आणि पाणी वेगळे ठेवूनच. जात माणसाने केली, देवाने नव्हे, असा निवाडा त्यांनी स्वतःशीच केला, कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्याचे ठरवले, आणि त्यानंतर १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आधी परक्या हातचे पाणी, मग बाप्तिस्म्याचे: हा क्रम आम्हांला कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथाइतका बोलका वाटतो.

आणि या साऱ्याचे त्यांनी केलेले निवेदन! ऑगस्टीन आपला अहंकार देवापुढे अश्रूंनी मांडतो. लक्ष्मीबाई आपले सोवळे वाचकापुढे हसत हसत मांडतात. त्या हसण्यात वडिलांचा द्वेष नाही आणि स्वतःच्या परिवर्तनाची प्रौढीही नाही. बर्नार्डच्या नवव्या पायरीवर त्यांचा पाय पडत नाही, कारण स्वतःला पापिणी ठरवून उठून दिसण्याची त्यांना गरजच भासत नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने नम्रतेच्या विचारात जर काही स्वतःची भर घातली असेल, तर ती या हसण्याची होय, असे आमचे मत आहे.

योहानाच्याच चौथ्या अध्यायात, भर दुपारी, दमलेला येशू विहिरीच्या काठावर बसतो आणि एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो. यहुद्याने शोमरोन्याशी असा व्यवहार ठेवू नये, हे दोघांनाही ठाऊक आहे. तीही चकित होऊन तसे विचारते. त्याच्यापाशी पोहरा नाही. विहीर खोल आहे. जीवनाचे पाणी देण्याची भाषा तो पुढे करणार आहे. परंतु आरंभी तो तहानलेला आहे आणि मागतो आहे. पाय धुण्याचा प्रसंग त्यानंतर नऊ अध्यायांनी येतो.