शरदांतील शाळा

शरद म्हटला कीं कवींस निरभ्र आकाश आणि चांदणें आठवतें. मुरबाडच्या मुलुखांत आम्हांस तो प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर दिसतो. पावसाळ्यांत ओढे वाट अडवितात, लावणीला लहान हातही लागतात. दिवाळी सरली कीं कित्येक पाडे ओस पडतात. मधल्या भाद्रपद-आश्विनांत, भात निसवत असतां, वर्ग जेवढा भरतो तेवढा वर्षांत पुन्हा क्वचितच भरतो.

या दिवसांतील शाळेचे उद्योग आम्ही कौतुकानें पाहत आलों आहों. सूर्य हस्त नक्षत्रांत गेला कीं पाटावर हत्ती काढून मुली भोंडल्याचा फेर धरितात. माळशेज घाटापलीकडचा हा खेळ तिकडून आलेल्या शिक्षिकांनींच इकडे आणिला असावा, असा आमचा तर्क आहे. पहिल्या दिवशीं एक गाणें, दुसऱ्या दिवशीं दोन, असा त्याचा क्रम. वर्गांत धडा वाचतांना जिच्या तोंडून शब्द फुटत नाहीं, ती ठाकर मुलगी खिरापत ओळखतांना सर्वांच्या आधीं ओरडते! दसऱ्याला पाटीवर एकाच्या आंकड्यांची सरस्वती काढितात. ज्याला अजून एवढाच आंकडा येतो त्यालाही ही देवी साधते, ही त्यांतली खुबी. पाटीची हौस या तालुक्यांत वय पाहत नाहीं, हें सांगावयास नकोच. फांगणे येथें ८ मार्च २०१६ रोजीं आजीबाईंची शाळा निघाली, तेव्हां साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी लुगडीं नेसून, दुपारचें काम आटोपून अक्षरें गिरवावयास बसल्या होत्या.

सुटीपूर्वीं अंगणांत मातीचा किल्ला होतो. शहरांतील मुलें चित्र पाहून रायगड रचितात. येथें सिद्धगड तालुक्यांतलाच. २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथें धारातीर्थीं पडले, ही हकीकत हात चिखलानें माखलेले असतां ऐकिली म्हणजे पुस्तकांतल्यापेक्षां अधिक टिकते.

परीक्षा तोंडावर आली असतां हा वेळ कां दवडावा, असें विचारणारे विद्वान् आम्हांस भेटले आहेत. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. घरांत दाणा नसतो त्या पावसाळ्यांत कित्येक कातकरी कुटुंबांनीं वीटभट्टीवाल्याची उचल घेतलेली असते. ती फेडण्यास तीं दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे जातात. मजुरी हजार विटांमागें आणि साऱ्या कुटुंबाची मिळून. तेव्हां विटा उलथण्यास पोरेंही लागतात. किल्ला थापणारे हात महिन्याभरांत पुन्हा मातींत, पण खेळाच्या नव्हे. २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क दिला, तो भट्टीवर कोण बजावणार? विधायक संसदेनें भट्टीवरच्या झोपड्यांत, म्हणजे भोंग्यांत, भोंगाशाळा चालविल्या, ही मोठी गोष्ट. परंतु अशी शाळा प्रत्येक भट्टीवर कोठून असावी? त्या सहा महिन्यांत मुलाजवळ उरतें तें तोंडपाठ गाणें, ऐकलेली गोष्ट, आणि लागली असल्यास वाचनाची गोडी. परीक्षेचे गुण येथेंच कपाटांत राहतात.

म्हणून १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाकडे आमचें विशेष लक्ष असतें. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशीं पुस्तकें कपाटाबाहेर येतात खरीं. पण कांहीं ठिकाणीं भाषणें होऊन सायंकाळीं तीं पुन्हा कुलुपांत जातात, आणि हें आम्हांस मुळींच रुचत नाहीं. एका शाळेंत मात्र गुरुजींनीं निराळा रिवाज पाडिला आहे. जाणाऱ्या प्रत्येक मुलास ते गोष्टींचें एक पुस्तक देतात व परतीची तारीख ‘पावसापूर्वीं’ अशी मांडितात. गेल्या वैशाखांत त्यांतलें एक परत आलेलें आम्हीं पाहिलें. मुखपृष्ठ गेलेलें, पानांवर तांबड्या मातीचीं बोटें उमटलेलीं. गुरुजींनीं वहींत ‘जमा’ असें लिहिलें आणि तिला दुसरें दिलें.