सोबत

परवा संध्याकाळी मी पेपर तपासावयास बसलो होतो, तोच एक तरुण दाराशी येऊन उभा राहिला. वीज केंद्रात नोकरीला असावा. बुटांवर राखेची पांढुरकी पूड होती. आमच्या खापरखेड्यात ती कोणाच्या बुटांवर नसते म्हणा! "बसा" म्हटले तरी तो बसेना. शेवटी जमिनीकडे पाहत म्हणाला, "सर, तुमच्याकडंही... तसंच आहे ना?"

त्या 'तसंच'चा अर्थ मला विचारावा लागला नाही. वर्गात करुणरसावर पाऊण तास सहज बोलणारा मी. पण त्या क्षणी मला एक शब्द सापडेना.

अकरा वर्षांपूर्वी मी त्याच्याच जागी होतो. आमची धाकटी जन्मली आणि डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल सांगून टाकला. "डाऊन सिंड्रोम. बुद्धी बेताची राहील. सांभाळा." लँग्डन डाऊन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या स्थितीचे वर्णन केले; एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्याने ती होते, हे १९५९ साली पॅरिसच्या संशोधकांनी दाखविले. आईबापांच्या हातून काही चुकले म्हणून असे मूल होत नाही. हे सारे मी पुढे वाचले. त्या दिवशी ते कोणी सांगितले असते, तर पत्नीचे कितीतरी रडणे वाचले असते!

घरी सहानुभूतीचा पूर लोटला. कोणी पूर्वजन्म काढला, कोणी ग्रहण. सर्वांत सौम्य माणसे म्हणाली, "देवाचं लेकरू आहे हो!" तेव्हापासून मला या शब्दांची धास्तीच बसली आहे. लेकरू एकदा देवाचे ठरले, की शेजाऱ्यांची जबाबदारी संपते. आणि बापाने तरी काय केले? मी दोन वर्षे कॉलेजात कोणाला कळू दिले नाही. इकडे पत्नी वाटी-चमचा घेऊन तासन् तास एकटी बसे.

एके दुपारी सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीकडून एक बाई आल्या. ओळख ना पाळख. "काहून रडून राहिल्या, वहिनी?" असे म्हणत त्यांनी पोरीला मांडीवर घेतले, तिचे गाल हलक्या हाताने चोळले आणि म्हणाल्या, "या पोरायचं अंग ढिलं राह्यते. बसवून भरवा, घाई नका करू." मग सहज विचारावे तसे विचारले, "पोरीच्या हृदयाचा इको काढला का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अशी जवळजवळ निम्मी मुले हृदयात काही दोष घेऊन जन्मतात, हे आम्हांला कोणीच सांगितले नव्हते. नागपुरात तपासणी झाली, भोक निघाले, वेळेवर शस्त्रक्रिया झाली. आज धाकटी अंगणात धावते, ती त्या एका प्रश्नाच्या पुण्याईने. बाई सातवी शिकलेल्या. पण त्यांचा 'तसाच' मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता, आणि ती सोळा वर्षे हीच त्यांची पदवी.

आपल्याकडे एक जुना शब्द आहे, सोबत. घरधनी परगावी गेला, की शेजारची मुलगी रात्री अंथरूण घेऊन सोबतीला येई. चोर आलाच असता, तर ती काही लढणार नव्हती. ती नुसती असे. तेवढ्याने घराला झोप लागे. सहानुभूती दारातूनच परत जाते. सोबत अंथरूण घेऊन येते.

ज्यूडी फ्रिड या इंग्रज मातेने १९४६ साली एका मासिकात पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना साद घातली. त्यातून उभी राहिलेली संस्था आज मेनकॅप म्हणून ओळखली जाते. चेन्नईत सुरेखा रामचंद्रन यांनी आपल्या मुलीपायी १९८४ साली असेच काम सुरू केले. नागपुरात मातृसेवा संघाचे 'नंदनवन' आहे. आमचे काम त्या मानाने राईएवढे. महिन्यातून एका रविवारी पाच घरे आमच्या ओसरीवर जमतात. थायरॉईडची वर्षाची तपासणी कोणाची राहिली, कानाचा डॉक्टर कोणता चांगला, कोणत्या शाळेने दारातून परत पाठविले, हे बोलणे होते. एखादी आई दोन तास मुले सांभाळते, आणि बाकीच्या आया चक्क बाजारात जातात!

चहा संपला, की मात्र एकच प्रश्न उरतो: आमच्यामागे काय? १९८३ च्या सुमारास अमेरिकेत अशा माणसांचे सरासरी आयुष्य पंचविशीपर्यंत होते. आज ते साठीच्या घरात गेले आहे. आनंदाचीच गोष्ट, पण तेवढे आईबाप कोठून आणावयाचे? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून प्रौढ मुलाला कायदेशीर पालक नेमून मिळतो. कागद होतो. त्या कागदावर सही करणारा माणूस मात्र अशाच ओसरीवर तयार व्हावा लागतो.

हे सारे मी त्या तरुणाला सांगणार होतो. तेवढ्यात धाकटी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून आली. निम्मे पाणी वाटेत सांडलेले. पेला रिकामा झाल्याखेरीज ती हलत नाही, हा तिचा नियम. तो प्यायला. तिने पेला उलटा करून पाहिला आणि समाधानाने आत गेली. तो तिच्या पाठीकडे कितीतरी वेळ पाहत राहिला; मग खुर्चीवर बसला.

मी फक्त विचारले, "बाळाच्या हृदयाचा इको काढला का?"