पिकअप आणि शेजारधर्म

गुंजीच्या आमच्या अंगणात गाडी नेहमी उताराकडे तोंड करून उभी असते. पाहुण्यांना ती आमची शिस्त वाटते. खरे कारण बॅटरीचे आहे. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातली ओल माणसाच्या हाडांत शिरते, तशी ती जुन्या गाडीच्या तारांतही शिरते. मग किल्लीपेक्षा उतारच अधिक भरवशाचा ठरतो.

ही पिकअप आम्ही जुनीच घेतली. नव्या गाडीचा हप्ता आमच्या भाताला आणि थोड्याशा काजूला झेपणारा नव्हता. सौदा कोल्हापुरात झाला आणि त्यासाठी घरातल्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. भाषा एक, सोयरीक एक. परंतु गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवायची तर तिला नवा क्रमांक घ्यावा लागतो. तिकडचा ना हरकत दाखला, इकडचा कर, असे करीत एमएच ०९ ची केए २२ झाली. फाळक्यावरचा जुना क्रमांक मात्र रंगाखालून अजून डोकावतो, आणि खरे सांगायचे तर तो खरवडण्याचे आमच्या मनात येत नाही.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग. त्याआधी पाटे, ब्रेक, हौद्याचा गंजलेला पत्रा हे सारे पाहणे आले. यंत्राचे दुखणे पैशाने तरी बरे होते. आम्हांला जड गेले ते निराळेच.

एका पावसाळी संध्याकाळी लोंढ्याकडून येताना वळणावर ब्रेकचे पेडल तळाला गेले. गाडी बांधाला टेकून थांबली. हौद्यात खताची पोती होती. त्या रात्री पोत्यांच्या जागी माणसे दिसत राहिली, कारण आदल्याच आठवड्यात आम्ही अर्धी आळी त्यात बसवून लग्नाला नेली होती. पुढे विम्याच्या माणसाने सांगितले, मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर पडत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. मालाबरोबर त्याचा मालक केबिनमध्ये बसला, तर गोष्ट वेगळी.

मार्गशीर्ष पौर्णिमेला शेजारच्या काकूंनी पंधरा माणसे सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला न्यायचे ठरविले. आम्ही हे सारे सांगून नकार दिला.

"गाडी आली आणि माणसं जड झाली होय रे?" त्या एवढेच म्हणाल्या.

त्यानंतर चार महिने कुंपणावरून ताकाचा तांब्या आला नाही. घरात कोणी विषय काढीत नसे. जेवताना ताकाची आठवण मात्र सर्वांनाच होई.

चैत्र सरता सरता एका पहाटे काकू अंगणात आल्या. मागे गड्याच्या डोक्यावर काजूच्या बियांचे पोते.

"खानापूरला विकायचंय. मालाबरोबर मालक बसतो म्हणाला होतास ना?"

आम्ही पोते हौद्यात ठेवले. काकू पदर खोचून पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर झाकलेला तांब्या होता. आम्ही हँडब्रेक सोडला, गाडी उताराला लागली, आणि दुसऱ्या गिअरमध्ये धडपडत सुरू झाली.

"सावकाश चालव," काकू म्हणाल्या, "ताक सांडेल."