दहा मिलिमीटरचा फंडा

नवी बाईक घेताना आपण काय बघतो? रंग, गिअर, डिस्क ब्रेक, सस्पेन्शन... आणि किंमत! (बाईक म्हणजे पायडलवाली हं, पेट्रोलवाली नव्हे.) क्रँक आर्मची लांबी विचारणारं गिऱ्हाईक मला तरी अजून कुठल्या दुकानात दिसलेलं नाही. पण सुटे पार्ट जमवून माउंटन बाईक स्वतः बांधायला घेतलीत, की हा प्रश्न समोर येतोच. 165, 170 की 175?

क्रँक म्हणजे पायडल ज्या दांडीला लावतात ती दांडी. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून पायडलच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर, ही तिची लांबी. बहुतेकदा आर्मच्या आतल्या अंगाला, पायडलच्या आट्यांजवळ हा आकडा कोरलेला सापडतो. माउंटन बाईकला अनेक वर्षं 175 मिलिमीटर हे जणू ठरलेलंच माप होतं. फ्रेम लहान असली तर फार तर 170. माझी उंची पाच फूट दोन इंच. सहा फुटी मुलाला 175 आणि मलाही तेवढंच? अहो, टी-शर्टसुद्धा असे एका मापात विकत नाहीत!

त्यात फ्रीलान्सरचं बजेट. मित्राकडे 175 चा जुना सेट पडून होता, जवळजवळ फुकट. 165 चा मागवायचा तर तीन लेखांचं मानधन खल्लास. पण त्याच मित्राची बाईक महिनाभर चालवल्यावर माझा उजवा गुडघा बोलायला लागला होता. फिजिओने पहिला प्रश्न विचारला, ‘‘पायडल वर आलं की गुडघा किती दुमडतो?’’ आता आली का पंचाईत! या वयात गुडघा सांभाळायचा की खिसा?

तळवड्यात राहण्याचा एक फायदा आहे. आयटी पार्कवाले कॅबमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेले असतात, पण दोन गल्ल्या सोडून कुणीतरी मायक्रोमीटर घेऊन बसलेलं असतंच. आमच्या ओळखीच्या लेथवाल्या काकांनी निकाल देऊन टाकला, ‘‘ताई, पाना लांब घेतला की नट लवकर सुटतो. दांडी लांबच घ्या.’’

लॉजिक एकदम करेक्ट. पण बाईकला गिअरही असतात ना! 175 वरून 165 वर आलं, की लिव्हर साधारण पावणेसहा टक्क्यांनी आखूड होतो. पुढची 32 दात्यांची चेनरिंग काढून 30 ची लावली, की तेवढाच, किंबहुना किंचित जास्तच, जोर भरून निघतो. शिवाय पाना लांब असला की हातही जास्त फिरवावा लागतो. 175 च्या क्रँकवर पाय दर फेरीला सहा सेंटिमीटर जास्त चालतो. काका हसले. म्हणाले, ‘‘मग बारीक चेनव्हील घ्या की!’’

2001 मध्ये मार्टिन आणि स्पिरडुसो या संशोधकांनी 120 पासून 220 मिलिमीटरपर्यंतचे क्रँक लावून सायकलपटूंची जास्तीत जास्त ताकद मोजली. 145 आणि 170 ला ती सर्वात चांगली होती. दोन्ही टोकांना फरक पडला तो फक्त चारेक टक्क्यांचा. म्हणजे 165 ने आपण ढेपाळणार, ही भीती निकालात. टूर द फ्रान्स जिंकणारा तादेय पोगाचारही अलीकडे 165 वरच दिसतो.

खरा फरक पडतो तो शरीराला. क्रँक दहा मिलिमीटर आखूड झाला, की खाली पाय पूर्वीएवढाच सरळ व्हावा म्हणून सीट दहाने वर घ्यायची. मग वरच्या टोकाला गुडघ्याला तब्बल वीस मिलिमीटर मोकळीक मिळते. आणि पायडल जमिनीपासून दहा मिलिमीटर उंच राहतं. दहा मिलिमीटरला हसू नका! आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडांवर पायडल खाड्कन आपटलं, की त्या दहाची किंमत कळते.

मी 165 चा सेट उसना आणला आणि दोन रविवार भंडारा डोंगराच्या चढावर घालवले. पाय जरा भरभर फिरवावे लागले, पण गुडघा गप्प. तिसऱ्या आठवड्यात ऑर्डर दिली. मानधन गेलं, जाऊ दे.

म्हणून सगळ्यांनी 165 च घ्यावा असं नाही हं. पाय लांब आहेत, 175 वर मजेत आहात, तर उगाच खर्च नको. गुडघा दुखत असेल तर आधी सीटची उंची तपासा, डॉक्टरांना दाखवा. पण उंची कमी असेल आणि कुणी ‘सगळे हेच लावतात’ म्हणालं, तर आधी स्वतःचे पाय मोजा. पार्ट बदलता येतात, गुडघे जन्मभर तेच वापरायचे असतात.

आणि हो, क्रँक बसवताना एक लक्षात ठेवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी दिशा बघा!